मोटारीतला नवरा

वडूज, ६ ऑक्टोबर १९४७

हरिभाऊ यांस,

नमस्कार लिहायचा तर तो मनात असावा लागतो. म्हणून थेट विषयाला येते.

शाळेच्या कामासाठी सांगलीला आले होते, तेव्हा तुमचं 'खजिन्याची नवरी' पाहिलं. पास मागितला नाही, तिकीट काढलं. त्यामुळे चार शब्द लिहायला हरकत नसावी.

दरोडा चांगला बसवला आहे. रंगमंचावर मोटार उभी केलीत, तिच्या मागच्या बाजूला कोळशाच्या गॅसची ती टाकी आणि तिच्यातून निघणारा धूर हुबेहूब. लढाईच्या दिवसांत पेट्रोल नव्हतं, तेव्हा मोटारी अशाच धापा टाकत चालायच्या, हे लोकांना आठवलं आणि त्यांनी टाळ्या दिल्या. सरकारी खजिन्याची पेटी, बंदूकवाले शिपाई, पुलामागं दबा धरून बसलेली चळवळीतली पोरं, सगळं ठीक. कुणी ते तेवढंच पाहिलं तर पैसे वसूल होतील.

पण तुम्ही आणि चारुशीलाबाई समोर आलात की नाटक बसकण मारतं. गोष्ट अशी की, पोलिसांना संशय येऊ नये म्हणून चळवळीतला एक तरुण आणि एक तरुणी नव्या नवरा-बायकोचं सोंग घेऊन त्या मोटारीत बसतात आणि सोंग करता करता खरंच एकमेकांवर जीव टाकू लागतात. हे तुम्ही लिहिलंय, तुम्हीच नायक झाला आहात, आणि ते करताना तुमचा चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसासारखा. तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवलात तेव्हा ती शहारली, पण ते लाजून नव्हे. "प्रिये" म्हणालात ते तिच्या डोक्यावरच्या दिव्याकडं बघून. माझ्या मागं एक मळेवाले बसले होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, "आरं, ह्या दोगांचं लगीन झालंय ह्ये ह्यास्नी कुनी सांगितलंय का न्हाई?" सगळी रांग हसली. मीही हसले. नाटकातला तेवढा एकच विनोद मला आवडला, आणि तो तुम्ही लिहिलेला नव्हता.

खेळ संपल्यावर आत गेले. तुम्ही पगडीवाल्या पाहुण्यांत होता. चारुशीलाबाई पावडर पुसत होत्या. मी म्हटलं, "छान केलंत." त्या म्हणाल्या, "खोटं कशाला बोलता? मी रोज देवाला सांगून येते, आज तरी ह्या माणसाला माझ्याकडं बघायची बुद्धी दे. तो बघतो कुठं? पहिल्या रांगेत कोण आलंय ते मोजत असतो." मी कोण ते त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला विचारलं असतं की, खरा प्रसंग कसा होता? आणि मला म्हणावं लागलं असतं की बाई, तुम्ही दोघं अगदी खऱ्यासारखंच करताय. त्या दिवशी मोटारीत आपण दोघं असेच बसलो होतो.

एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. नाटकं पडतात, उभी राहतात. पण तिसऱ्या अंकात जो फितूर आणलात, जो बक्षिसाच्या आशेनं पोलिसांना खबर देतो आणि ज्याच्या तोंडावर नायिका पायताण मारते, त्याचं नाव ज्ञानू का?

ज्ञानू माझा धाकटा भाऊ आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यानं कुणाला खबर दिली नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. कुणामुळं तो पकडला गेला, हे तर तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

नाव बदला. एवढंच मागते.

अनसूया


वडूज, २१ ऑक्टोबर १९४७

हरिभाऊ,

तुमचं पत्र पोचलं. कागद चांगला वापरता.

तुम्ही लिहिता की ज्ञानू हे नाव गावोगाव सापडतं आणि कुणी ते अंगाला लावून घेऊ नये. तुम्ही लिहिता की कलाकृतीत सत्याला थोडा साज चढवावा लागतो. आणि तुम्ही लिहिता, "त्या प्रवासात आपल्या दोघांच्या मनात काहीतरी उमललं होतं, हे आपण नाकारू शकाल काय?"

नाकारते. काय उमललं होतं ते एकदा नीट लिहूनच काढते, म्हणजे पुढच्या खेळाला उपयोग होईल.

गटाचे म्होरके म्हणून तात्यांनी आपल्याला निवडलं ते का, हे त्यांनाच माहीत. तुम्ही सांगलीच्या पेठेतले, गोरे, इस्त्रीचा कोट घालणारे. मी खेड्यातली, सातवी फायनल पास झालेली. तात्या म्हणाले, "वडूजच्या खजिन्याची पेटी उतारूंच्या मोटारीनं साताऱ्याला जातीया. तुमी दोगं नवरा-बायको म्हून बसायचं. वर्धनगडच्या घाटात पुलापाशी नवरीला वकारी आली पायजे. मोटार थांबली की आमी हाय." मग तुमच्याकडं बघून म्हणाले, "नवऱ्याचं नाव जोतीराव सांगायचं. तेवढं एकमेकांत बोलून घ्या."

बोलून घ्या, असं म्हणाले ते. आठवतं? सकाळी मोटारीची वाट बघत होतो तेव्हा तुम्ही माझ्याशी जे पहिलं वाक्य बोललात ते असं: "जरा लांब बसा, कोटाला तेल लागेल." माझ्या केसांना तेल होतं. नव्या नवरीच्या असतं. मी पण तुम्हाला एकच वाक्य बोलले: "भाकरी आहे, माझा भाऊ ज्ञानू गावाहून घेऊन आला होता." तुम्ही भाकरीकडं पाहिलंत आणि रुमाल नाकाला लावलात. झालं आपलं बोलणं. जोतीराव तसेच राहिले.

पुसेगावला पेटीबरोबरच्या हवालदारानं सहज विचारलं, "काय पावनं, नवं लगीन? नाव काय म्हनायचं?" तेवढ्यानं तुमची दातखिळी बसली. आणि मग जे पहिलं नाव तोंडात आलं ते सांगून टाकलंत. ज्ञानू. गाव विचारलं, तर माझं गाव. आडनाव विचारलं, तर माझं. मी मोटारीच्या पलीकडच्या बाजूला होते, भामाबाई नावाच्या एका म्हातारीजवळ. मला तुमचं बोलणं ऐकू आलं नाही.

पुढं घाट लागल्यावर त्या म्हातारीनं माझा पदर ओढला. "आगं नवरी, तोंडाला कुलूप लावलंस व्हय? नाव घे की नवऱ्याचं!" सगळी मोटार माझ्याकडं बघायला लागली. मी नाव घेतलं:

सांगलीची हळद, साताऱ्याचा कंदी पेढा,
जोतीरावांचं नाव घेते, वाट माझी सोडा.

बाया खूष झाल्या. हवालदार मात्र मागं वळून म्हणाला, "जोतीराव? आन् हे तर ज्ञानू सांगत हुतं."

हरिभाऊ, तुमच्या नाटकात इथं नायक छातीला हात लावून भाषण करतो. तुम्ही त्या वेळी खिडकीबाहेर बघत होता. जणू दुसऱ्या कुणाची बायको पेचात सापडली आहे. भावाचं नाव नवऱ्याचं म्हणून घेता येईना, घेतलेलं नाव परत घेता येईना. मग तुमच्याकडं पाहिलं. तो कोट, तो रुमाल. आणि मला एकदम सोपं वाटायला लागलं.

मी उठून ओरडले, "ह्यो माझा नवराच न्हाई! माझं मालक जोतीराव. ह्यो मला फसवून पळवून न्यायला लागलाय!"

इतकं खरं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. एका शब्दाचंही सोंग करावं लागलं नाही. लोकांना ते पटलं, कारण तुमच्याबद्दल माझ्या मनात जे होतं ते सगळं त्यात उतरलं होतं.

मोटार पुलाच्या अलीकडं, चढावर माणसाच्या चालीनं चालली होती. तुम्ही उडी टाकलीत आणि नांगरलेल्या रानातून पळत सुटलात. तुमच्या मागं सगळे उतारू. ड्रायव्हर लोखंडी हँडल घेऊन. त्याच्या मागं हवालदार आणि त्याचा शिपाई, कारण दुसऱ्याची बायको पळवणारा हाती लागला तर गावात केवढं नाव! मोटारीत राहिलो मी, भामाबाई, एक शेळी आणि खजिन्याची पेटी. पुलामागून तात्या आणि पोरं आली, पेटी उचलली, मला नमस्कार केला आणि निघून गेली. गोळी झाडावी लागली नाही. तिकडं ढेकळांत तुम्ही उतारूंची पायताणं खात होता.

असा तो दरोडा यशस्वी झाला. आपल्या दोघांत काही उमललं नाही म्हणून यशस्वी झाला.

भामाबाईंनी मला कोरेगावला आपल्या लेकीच्या घरी नेलं, जेवू घातलं. सारखं म्हणत होत्या, "चांगला नवरा सोडून असल्या बगळ्यासंगं कशी गं आलीस पोरी?"

तुम्ही सांगलीला जाऊन अंगाला हळद लावून निजलात. पोलीस मात्र तुम्ही दिलेलं नाव आणि गाव घेऊन आमच्या दारात आले. ज्ञानूला साताऱ्याला नेलं. तळपायावर मारलं. त्यानं माझं नाव सांगितलं नाही, तुमचंही नाही. तुमचं तोंडसुद्धा त्यानं कधी पाहिलं नव्हतं, तरी नाही. शेवटी मोटारीतल्या उतारूंना ओळख पटवायला आणलं. भामाबाई म्हणाल्या, "छा! त्यो गोरा बगळा हुता, ह्यो तर आमच्यातला दिसतोय." म्हणून सुटला. पुढं तात्या पकडले गेले आणि लोकांनी हिशेब जुळवला की ज्ञानू एवढ्या लवकर सुटला तो काहीतरी सांगूनच. तात्या तुरुंगातच वारले. ते असते तर दोन शब्दांत मिटलं असतं.

ही कुजबुज आता विझत आली होती. तुम्ही तिला दिवे लावून, पेटी-तबला लावून उभी केलीत.

आता नीट वाचा. म्हसवडच्या हंबीरराव जमादारांच्या मुलीशी ज्ञानूचं लग्न ठरलं आहे. हंबीरराव पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांच्या सांगलीच्या मेव्हण्यानं तुमचं नाटक पाहिलं आणि सगळं कळवलं. हंबीरराव आमच्या ओसरीवर येऊन बसले, पाणी घेतलं नाही. म्हणाले, "आवं बाई, माझा तुमच्या भावावर डाव न्हाई. पर ह्ये नाटक जत्रंला आमच्या गावात येनार हाय म्हनं. साऱ्या गावासमोर त्याच्या नावाला पायताण बसलं, तर मी पोरगी कशी देऊ? फितुराला सासरा व्हायचं म्हंजी पलटणीची पेन्शन परत करावी लागंल मला."

ज्ञानू आत बसून ऐकत होता. त्या दिवसापासून त्यानं त्या लग्नाचा विषय काढलेला नाही.

तुमच्याकडून माफी नको. खरी हकीकत लोकांना सांगा असंही म्हणत नाही. तेवढं तुमच्यानं होणार नाही. घाटात पायताण खाल्लेला नायक कुणी तिकीट काढून बघणार नाही, हे मलाही कळतं. फक्त नाव बदला.

अनसूया


वडूज, ९ नोव्हेंबर १९४७

हरिभाऊ,

तुमची अट वाचली. म्हसवडच्या जत्रेतल्या खेळाला मी पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसायचं, दोन अंकांच्या मध्ये तुमच्या हातून हार घ्यायचा आणि "हीच ती खरी नवरी" असं तुम्ही सांगितलं की उठून लोकांना नमस्कार करायचा. घाटातल्या मारामारीबद्दल कुठं अवाक्षर काढायचं नाही. मग नाव बदलाल.

बाजार चांगला मांडता. एका अविवाहित शाळामास्तरणीनं चार हजार लोकांसमोर तुमची मोटारीतली बायको म्हणून मिरवायचं. त्यानंतर मला शाळेत ठेवतील की नाही हा विचार तुमच्या मनात आला नसेलच. माझा भाऊ ऐकून म्हणाला, "आक्का, असं करू नगंस. ऱ्हाऊ दे माझं लगीन." मी त्याला गप्प बसवलं.

अट मान्य. बसेन, हार घेईन, नमस्कार करीन. हसेनसुद्धा. चारुशीलाबाईंना मात्र सांगा की मी त्यांची जागा घ्यायला येत नाही. त्यांनी मला पत्र लिहिलं आहे. त्यात त्या विचारतात, "खरंच होतं का हो तुमचं काही त्यांच्यावर? असेल तर मला शिकवा. कितीही खटपट केली तरी मला जमत नाही." मी त्यांना कळवलं की कला तुमच्याकडं भरपूर आहे, माणूस चुकीचा मिळाला.

बदललेलं नाव मला आधी कळवा. कळल्याशिवाय खुर्चीवर बसणार नाही.

अनसूया


वडूज, २८ नोव्हेंबर १९४७

हरिभाऊ,

पत्र मिळालं. फितुराचं नाव बदलून 'नाथाजी' केलंत, जाहिरातीच्या कागदावरही तसं छापलंत, कागद पाहिला.

तुम्ही लिहिता की, म्हसवडकडं खेळ आहे म्हणून मुद्दाम तिकडचंच नाव शोधून घातलं, स्थानिक रंग येईल.

येईल. नाव उत्तम आहे. आता बदलू नका.

अनसूया


वडूज, १९ डिसेंबर १९४७

हरिभाऊ,

तुमच्या पत्रात शाई कमी आणि शिव्या जास्त आहेत. तुम्ही विचारता, "आपणास हे आधी ठाऊक होते काय?"

होतं. म्हसवड सिद्धनाथाचं गाव. तिथं घरटी एक नाथाजी आहे. पहिला मुलगा झाला की त्याला देवाचं नाव द्यायचं, ही तिथली रीत. रथाच्या जत्रेला माणूस येतो तो "नाथबाबाच्या नावानं चांगभलं" म्हणत येतो. त्या गावात, त्या दिवशी, रथ ओढून आलेल्या लोकांसमोर तुम्ही नाथाजीला फितूर केलंत आणि त्याच्या तोंडावर पायताण मारवलंत. हे शाळेतल्या पोरानं तुम्हाला सांगितलं असतं. कुणाला विचारावं असं तुम्हाला वाटलं नाही. स्थानिक रंग हवा होता, स्थानिक माणूस नको होता.

मी सांगायला हवं होतं, असं म्हणता. का? तुमच्या अटींत ते नव्हतं. मी माझ्या तिन्ही अटी पाळल्या. खुर्चीवर बसले. हार घेतला. तुम्ही "हीच ती, माझ्या हृदयाची" वगैरे म्हणालात तेव्हा उठून नमस्कार केला. माझ्या शाळेचे हेडमास्तर चौथ्या रांगेत होते. ते खाली बघत होते.

आता तिसऱ्या अंकाबद्दल. तुम्ही लिहिता, "गुंडांनी पूर्वनियोजित दंगा केला," आणि तसं वर्तमानपत्रात छापायला मला सही मागता. सही देणार नाही. मी तिथंच होते. पूर्वनियोजित काही नव्हतं. चारुशीलाबाई "नाथाजी, फितुरा!" म्हणाल्या तेव्हा दुपारच्या उन्हात पेंगणारी कनात जागी झाली. पायताण बसलं तेव्हा एक म्हातारा उठला.

"ए, आमच्या देवाच्या नावाला पायताण?"

"ह्यो नाटकवाला कुठला रं?"

"सांगलीचा हाय म्हनं."

"मग तुमच्या गणपतीचं नाव घे की लेका! आमचा नाथबाबा गावला व्हय तुला?"

एक नारळ आला. मग चार आले. तुमचा नाथाजी झालेला नट बिचारा मिशी काढून "मी मिरजेचा आहे, मी मिरजेचा आहे" असं ओरडत पडद्यामागं गेला. आणि तुम्ही चारुशीलाबाईंच्या पाठीमागं गेलात. त्यांनी तुमचा दंड धरून पुढं ढकललं आणि म्हणाल्या, "पुढं व्हा, नायक आहात." तेवढ्या गडबडीतही लोक हसले. हरिभाऊ, मी दोनदा नाटक पाहिलं; तुम्ही दोघं नवरा-बायको आहात असं फक्त त्या क्षणी वाटलं.

मग हंबीरराव वर चढले. हातात छडी, अंगात पलटणीचा जुना कोट. लोक थांबले. ते तुम्हाला म्हणाले, "घाबरू नगा. येक सांगा. ह्यो नाथाजी कोन? आमच्या गावचा हाय का?"

तुम्ही म्हणालात, "नाही हो, नाही. कुणीच नाही. मी रचलं."

"म्हंजी फितूर कुनी नव्हताच?"

"कुणीही नव्हतं. देवाशप्पथ."

"आन् सांगलीत ज्ञानू म्हनत हुता ते?"

"तेही मीच रचलं. त्यानं काही केलं नाही."

हंबीररावांनी तुमच्याकडं पाठ केली आणि लोकांकडं तोंड करून विचारलं, "ऐकलं का सगळ्यांनी? का परत म्हनाय लावू?"

सगळ्यांनी ऐकलं. मी इतके दिवस समजत होते की तुम्ही घाबरलात की खोटं बोलता. माझी चूक झाली. नुसतं घाबरून भागत नाही, खोट्याला जागाच उरली नाही इतकं घाबरावं लागतं. तिथं जे नाव घेतलं असतं त्या नावाचा कुणीतरी समोर उभा होता.

तुमची हार्मोनियम फुटली, याचं वाईट वाटतं. तिचा काही दोष नव्हता. चारुशीलाबाई कंपनी सोडून गेल्या असं कळलं. त्या जाताना माझ्याकडं जेवून गेल्या. छान हसतात, हे तुम्ही रंगमंचावर कधी दिसू दिलं नाहीत.

आमच्या हेडमास्तरांनी मला दुसऱ्या दिवशी बोलावलं. तुमच्या "हृदयाची"चा खुलासा मागितला. मी घाटातली सगळी हकीकत सांगितली, पायताणांसकट. अवाक्षर काढायचं नाही असं कबूल केलं होतं, ते मोडलं. हेडमास्तर इतके हसले की शिपाई आत आला. नोकरी राहिली आहे.

आता आपला पत्रव्यवहार संपला असं मी धरते.

अनसूया


वडूज, ६ जानेवारी १९४८

हरिभाऊ,

संपला नाही तर.

या वेळी तुम्ही शिव्या दिल्या नाहीत, म्हणून उत्तर देते. तुम्ही लिहिता की त्या दिवशी लोक कनातीत शिरले तेव्हा एका माणसानं तुम्हाला मागच्या बाजूनं कापडाखालून बाहेर काढलं, स्वतःचा पटका सोडून तुमच्या डोक्याला गुंडाळला म्हणजे तुमचे केस कुणी ओळखू नयेत, कडब्याच्या गाडीत निजवलं आणि दहिवडीच्या वाटेला आणून सोडलं. वाटेत कुणी हटकलं तर "आजारी मेव्हणा हाय" असं सांगत होता. तुम्ही त्याच्यावर नवं नाटक लिहिणार आहात. खेड्यातला साधा, थोर मनाचा माणूस. तुम्ही विचारता, मी तिथली आहे, तर त्या देवमाणसाचं नाव कळवाल का? या वेळी खरं नाव घालायचं आहे.

तो माणूस मला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे. मुलगी म्हसवडची, सासरा पलटणीतला जमादार. त्यांनी पाणी घेतलं, जेवलेसुद्धा, आणि तिथी काढून गेले. तुम्हाला गाडीत घालताना तुम्ही कोण आहात हे त्या माणसाला पुरतं माहीत होतं. मी त्याला विचारलं, "का रे नेलंस त्यांना? खाऊ द्यायचा होतास मार." तो म्हणाला, "मार कसा असतोय त्ये मला म्हाईत हाय, आक्का."

तेव्हा तो कोण हे तुम्हाला कळलंच असेल. पण नाव मी माझ्या हातानं लिहून देणार नाही. कुणाचंही नाव तुमच्या हाती देणं बरं नाही, हे मला मोटारीपासून माहीत आहे. तुम्ही त्याच्याबद्दल चांगलं लिहायचं म्हणता. तेही नको. तो तुमच्या नाटकात कसाच नको.

आणखी एक. मी त्याला विचारलं, "एवढी वाट गाडीत होतात दोघं, त्यांनी तुझं नाव विचारलं का?"

तो म्हणाला, "न्हाई. च्या कुठं मिळंल का, म्हून इचारलं."

अनसूया